यादीवरचा आगमनकाळ

आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी आमच्या चर्चच्या दारात एक पातळ पुस्तिका वाटतात. झेरॉक्स केलेली, मध्ये दोन पिना मारलेली. नाताळपर्यंतच्या प्रत्येक दिवसाला एक पान असतं. वर वचन, मग पाळकसाहेबांनी लिहिलेलं मनन आणि खाली चार ओळींची प्रार्थना. यंदा पुस्तिका वाटायला उभ्या असलेल्या बाईंनी सवयीने विचारलं, "सर, दोन देऊ?" मग त्यांच्याच लक्षात आलं आणि त्या गडबडल्या. मी म्हणालो, "एक पुरे."

लोकांना नाताळ माहीत असतो, आगमनकाळ माहीत नसतो. पिंपळे सौदागरला आम्ही राहतो तिथल्या दुकानांतून नोव्हेंबरातच प्लास्टिकची झाडं उभी राहतात आणि लाल टोप्या लटकू लागतात. आगमनकाळात असं दाखवण्यासारखं काही नसतं. चार रविवार वाट पाहायची, एवढंच त्याचं काम. पहाटे गारठा असतो, चाकणच्या बाजूने येणारं धुरकट धुकं नदीवर अडकून बसतं, कंपन्यांच्या बस दिवे लावून निघतात आणि घराघरांत कुणीतरी उठून एक पान वाचतं. माझ्या लहानपणी नगरकडच्या आमच्या गावात हे पान वडील वाचायचे. आम्ही गोधडीत बसून करंज्यांचा विचार करायचो. तेव्हा वाट पाहणं सोपं होतं, कारण ज्याची वाट पाहायची ते येणारच असायचं. पंचवीस तारीख कधी चुकली नाही.

गेल्या वर्षीचा आगमनकाळ मी माझ्या बायकोबरोबर, शीलाबरोबर, डायलिसिसच्या खोलीत वाचला.

तिची दोन्ही मूत्रपिंडं निकामी होऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. मंगळवार, गुरुवार, शनिवार, सकाळी सातची पाळी. कारखान्यासारखं तिथेही त्याला पहिली शिफ्ट म्हणत. बारा खाटा, बारा यंत्रं, आणि प्रत्येकाची जागा ठरलेली. चार तास शीलाचं रक्त नळ्यांतून बाहेर जायचं आणि धुऊन परत यायचं. दिवसाला अर्धा लिटर पाणी, त्याच्यावर थेंब नाही. ती तहान लागली की तोंडात बर्फाचा खडा धरायची आणि तो विरघळेपर्यंत कुणाशी बोलायची नाही. यंत्रावर असताना तिला अक्षरं पुसट दिसत, म्हणून पान मी वाचायचो.

मी काही भाविक माणूस नव्हे. चाकणच्या एका कंपनीत गुणवत्ता तपासणी विभागात माझी सगळी नोकरी झाली. आलेला पार्ट मोजायचा, पास की रिजेक्ट ते ठरवायचं, पुढचा घ्यायचा. भक्ती हा शीलाचा विभाग होता. आम्हाला मूल नाही, पण संडे स्कूलच्या तीन पिढ्यांनी तिला 'शीलामावशी' म्हटलं. मी तिला रविवारी चर्चला सोडायचो, बहुतेक वेळा आतही बसायचो.

मूत्रपिंड मिळालं तर ती सुटणार होती. तिच्या भावांचे रक्तगट जुळले नाहीत. माझा जुळला. मग माझ्या तपासण्या झाल्या आणि डॉक्टरांनी आम्हा दोघांना समोर बसवून सांगितलं की मला साखरेचा आजार आहे, दान करणं मला धोक्याचं, ते परवानगी देणार नाहीत. आयुष्यभर दुसऱ्याला रिजेक्ट केलं, त्या दिवशी मी झालो. आणि ते ऐकताना माझ्या छातीतून एक श्वास सुटला. दुःखाचा नव्हता तो. सुटका झाल्यावर सुटतो तसला होता. शीला शेजारीच बसली होती. तिने तो ऐकला, मला खात्री आहे. तिने पदर सावरला आणि म्हणाली, "चला. गाडी काढा." त्यावर ती पुढे कधीही बोलली नाही. ती बोलली असती तर बरं झालं असतं, असं मला आजही वाटतं.

मग तिचं नाव यादीत गेलं. मेंदू मृत झालेल्या माणसाच्या घरच्यांनी परवानगी दिली, तर यादीतल्यांना बोलावतात. फोन कधीही येऊ शकतो, म्हणून मोबाइल बंद ठेवायचा नाही, गाव सोडायचं नाही. पुस्तिकेत पहिल्या आठवड्याचं मनन जागं राहण्याविषयी होतं. घटका कोणती ते ठाऊक नाही, म्हणून सावध असा. मी ते वाचलं तेव्हा शीला डोळे मिटून हसली. "हे आपल्यालाच लिहिलंय," म्हणाली.

शेजारच्या खाटेवर रशीदभाई असायचे. चिंचवडला त्यांचं गाड्या दुरुस्तीचं गॅरेज होतं, आता मुलगा बघायचा. सत्तरी ओलांडल्यामुळे त्यांनी यादीत नाव घातलं नव्हतं. तेही कान देऊन ऐकायचे. उशीर झाला तर विचारायचे, "साहेब, आजचं पान राहिलं का?" एका मंगळवारी प्रार्थना संपल्यावर शीला स्वतःची एक ओळ जोडून मोठ्याने म्हणाली, "आणि प्रभू, या नाताळापर्यंत मला एक मूत्रपिंड मिळू दे."

रशीदभाई हळूच म्हणाले, "वहिनी, रागावू नका. पण दुवा मागताना जरा बघून मागा. ते ज्या घरातून निघणार, त्या घरात पण कुणी दुवा मागत असेल."

शीलाचा चेहरा उतरला. त्या दिवशी परतताना नाशिक फाट्याजवळ सायरन वाजवत एक रुग्णवाहिका आमच्या बाजूने गेली आणि मी शेजारी पाहिलं, तर शीलाने दोन्ही हातांनी कान झाकून घेतले होते. मला कारण विचारावं लागलं नाही. गेले कित्येक महिने सायरन ऐकला की माझ्याही मनात काहीतरी चटकन उठून बसायचं. मी त्याला कधी नाव दिलं नव्हतं.

फोन आला तो दुसऱ्या आठवड्यात, बुधवारी सकाळी अकरा वाजता. शीला टेबलाशी बसून शंकरपाळी कापत होती. तिला ती खायची नव्हती, संडे स्कूलच्या मुलांसाठी होती. रुग्णालयातल्या समन्वयक बाई बोलत होत्या. "एक मूत्रपिंड उपलब्ध होतंय, दुसरं बसवण्याजोगं नाही. त्यांना काही खायला देऊ नका, लगेच निघा. आणखी एका पेशंटलाही बोलावलंय. रक्त जुळवून बघायचं आहे."

कापलेली शंकरपाळी तशीच ठेवून आम्ही निघालो. शीलाने बाहेर पडताना देवघराच्या जागी आमच्याकडे जो क्रूस आहे त्याच्याकडे पाहिलं, पण थांबली नाही. गाडीत तिने माझ्या मनगटाला धरलं होतं. लग्नानंतर इतक्या घट्ट तिने मला कधी धरलं नव्हतं.

दुसरा पेशंट बीडकडचा एक तरुण होता, पंचविशीचा, तळवड्याला भावाकडे राहून डायलिसिस घेणारा. त्याची आई बरोबर होती. आम्ही समोरासमोरच्या बाकांवर बसलो होतो. दुपार गेली. त्याची आई एकदा उठून आमच्याकडे आली आणि शीलाला म्हणाली, "तुमी बी यादीतल्या का?" शीला म्हणाली, "हो." ती परत जाऊन बसली. आम्ही चौघं त्या एका दारावर नजर लावून होतो. ते उघडलं की दोनपैकी एका घराला आयुष्य मिळणार होतं, आणि त्या दाराच्या मागे कुठेतरी तिसरं घर संपलं होतं.

पाच वाजता समन्वयक बाई आल्या. रक्त दोघांचंही जुळत होतं. पण यादीत तो तरुण वर होता. "तुमचं नाव आता जवळ आलंय, धीर सोडू नका," त्या शीलाला म्हणाल्या. त्या तरुणाची आई मटकन खाली बसली आणि तिने जमिनीला कपाळ टेकवलं.

मला वाटलं होतं शीला तिच्याजवळ जाईल, काहीतरी चांगलं बोलेल. ती तशी होती. ती उठली आणि सरळ जिन्याकडे चालू लागली. गाडीत बसल्यावर म्हणाली, "मला पाहिजे होती हो ती किडनी. त्या पोरापेक्षा मला पाहिजे होती."

मी म्हणालो, "साहजिक आहे."

"साहजिक म्हणू नका," ती म्हणाली. "आजचं पान वाचायचं राहिलंय. ते पण वाचू नका."

तिसरा रविवार आनंदाचा असतो. आमच्या पुस्तिकेत त्या आठवड्याचं शीर्षकच 'आनंद' होतं. त्याच दिवशी सकाळच्या पेपरात अवयवदानाची बातमी होती, फोटोसह. चाकणच्या एका कारखान्यात कामाला असलेला तेवीस वर्षांचा मुलगा, तळवडे-चाकण रस्त्यावर पहिल्या शिफ्टला जाताना त्याच्या दुचाकीचा अपघात झाला, परभणीकडच्या आईवडिलांनी बुधवारी आमच्याच रुग्णालयात मोठ्या मनाने परवानगी दिली. त्याचं पूर्ण नाव मी इथे लिहीत नाही. त्याची आई त्याला गोविंदा म्हणायची, तेवढं पुरे.

शीलाने तो फोटो बराच वेळ पाहिला. मग म्हणाली, "मला त्याच्या घरी न्या."

"कशाला?"

"मी याच्या मरणाची वाट बघत होते. रोज सकाळी, वचन वाचून. मला कुणाला तरी सॉरी म्हणायचंय."

मी समजावलं की आपण ओळखत नव्हतो, आपल्यामुळे काही झालं नाही. ती ऐकून घेत होती आणि चपला घालत होती.

बातमीत तळवड्यातल्या वस्तीचं नाव होतं. विचारत विचारत खोली सापडली. वर्कशॉपच्या मागे पत्र्याच्या छपराच्या सहा खोल्या, बाहेर एकाच दोरीवर सगळ्यांचे कपडे. दार ठोठावल्यावर डोळे चोळत एक मुलगा बाहेर आला, गोविंदाचा खोलीतला जोडीदार. तिसरी शिफ्ट करून झोपला होता. गोविंदाचे आईवडील त्याला घेऊन गावी गेले होते, सगळं तिकडेच झालं होतं.

"तुम्ही कोण, काका?" त्याने विचारलं.

मी म्हणालो, "आम्ही हॉस्पिटलमधून... म्हणजे, काकूंना किडनीचा त्रास आहे."

त्याने शीलाकडे पाहिलं. तिच्या हातावरची सुजलेली शीर, पट्ट्या. आणि त्याचा चेहरा असा उजळला की मी ते विसरू शकत नाही. "काकूंना बसवली का त्याची?" तो म्हणाला.

चार दिवसांपूर्वी शस्त्रक्रिया झालेली बाई पत्र्याच्या खोलीबाहेर उभी राहत नाही, हे त्याला कळण्याचं कारण नव्हतं. मी म्हणालो, "हो."

का म्हणालो ते मी वर्षभर शोधतोय. त्याचा चेहरा हे एक कारण आहेच. पण आयुष्यात एकदा माझ्याकडे काही देण्यासारखं मागितलं गेलं तेव्हा मी सुटकेचा श्वास सोडला होता. या वेळी नुसता एक शब्द द्यायचा होता. तो मी पटकन देऊन टाकला.

मुलाने शीलाच्या पायाला हात लावला आणि खिशातून मोबाइल काढून गोविंदाच्या आईचा नंबर लावला. "मावशी, त्या काकू आल्यात. गोविंदाची किडनी ज्यांना दिली त्या. घ्या, बोला." आणि त्याने फोन शीलाच्या हातात दिला.

मला पलीकडचा आवाज ऐकू येत होता. आधी नुसतं रडणं. मग एक बारीक, थकलेला आवाज. "ताई, हाय का हो महं लेकरू तुमच्यात?"

शीलाने माझ्याकडे पाहिलं. तिला खोटं बोलता येत नसे, संडे स्कूलच्या मुलांनाही ती सांताक्लॉज खरा नाही असं सांगून टाकायची. ती म्हणाली, "आहे."

गाडीत ती म्हणाली, "तुम्ही खोटं का बोललात?"

"त्याचा चेहरा बघितलास ना?"

"बघितला," ती म्हणाली. "म्हणून तर मीही बोलले. पण आता हे खोटं कोण उचलणार?"

निघताना त्या मुलाने माझा नंबर मागून घेतला होता. त्यानंतर दर रविवारी गोविंदाच्या आईचा फोन येऊ लागला. शेतमजूर बाई, नाव गोदाबाई. रविवारी बाजाराच्या दिवशी तिला रेंज मिळायची. फार बोलायची नाही. पाणी बेतानं पिता का, गोळ्या येळेवर घेता का, थंडीत स्वेटर घालता का. आणि शेवटी नेहमी, "त्याला आंबट लई आवडायचं. तुमाला बी आता वाटतंय का आंबट खावं?" शीला म्हणायची, "वाटतं." तिला पोटॅशियमसाठी आंबट बंद होतं.

नाताळ झाल्यावर खरं सांगू, असं आम्ही ठरवलं. मग संक्रांतीनंतर. फेब्रुवारीत एका गुरुवारी डायलिसिसच्या खोलीत शेवटच्या खाटेवर तो बीडचा तरुण परत दिसला. त्याच्या शरीराने ते मूत्रपिंड स्वीकारलं नव्हतं, काढून टाकावं लागलं होतं. त्याची आई भिंतीला टेकून बसली होती. आमची नजरानजर झाली आणि आम्ही दोघांनीही मान खाली घातली. आता गोदाबाईला सांगण्यासारखं खरंही काही उरलं नव्हतं. खरं सांगायचं तर तिचा मुलगा कुठेच नव्हता. रशीदभाई एवढंच म्हणाले, "अल्लाची मर्जी कळत नाही," आणि भिंतीकडे वळून झोपले.

शीला मार्चमध्ये गेली. यादीवर होती तशीच. समन्वयक बाईंनी फोन करून नाव काढून टाकल्याचं कळवलं, आणि मी त्यांना थँक यू म्हणालो.

तिला माती दिल्यानंतरच्या पहिल्या रविवारी फोन वाजला. मी उचलला. "ताई कशा हायेत?" आणि मी म्हणालो, "बऱ्या आहेत. झोपल्यात." त्यानंतर ती कधी झोपलेली असायची, कधी चर्चला गेलेली, कधी आंघोळीला. गोदाबाई म्हणायची, "झोपू द्या, उठवू नका." नऊ महिने मी माझ्या मेलेल्या बायकोला फोनवर जिवंत ठेवलं, आणि कबूल करतो, त्यातले काही रविवार मलाही ती आतल्या खोलीत झोपली आहे असं वाटायचं.

यंदा दुसऱ्या रविवारी गोदाबाई म्हणाली, "मी येऊलाले. शनिवारच्या गाडीनं. एकदा ताईला डोळ्यानं पाहीन, हात लावीन अन् माघारी येईन. नाही म्हणू नका."

त्या आठवड्यात मी रोजचं पान वाचत होतो. कोणीतरी येणार आहे, घर तयार ठेवा, असंच सगळं त्यात होतं. मी तसंही घर झाडून काढलं. शीलाचा फोटो भिंतीवरून उतरवावा का, असा विचारही एकदा मनात येऊन गेला, आणि मला माझीच किळस आली. ठरवलं की सगळं सांगायचं, पहिल्यापासून.

वल्लभनगरच्या एसटी स्थानकात ती उतरली. मी मनात उंच बाई धरली होती, ती माझ्या खांद्यालाही लागत नव्हती. हातात कापडी पिशवी. तिने माझ्या मागे पाहिलं. "ताई?"

मी तिला बाकावर बसवलं आणि सांगितलं की ताई मार्चमध्येच गेल्या.

तिने बोटांवर काहीतरी मोजलं. मग म्हणाली, "म्हंजे महा गोविंदा दोनदा गेला."

पुढचं वाक्य माझ्या ओठांवर होतं. तो ताईंमध्ये कधीच नव्हता, ते मूत्रपिंड दुसऱ्याला बसवलं आणि तिथेही टिकलं नाही, असं मी घरातल्या आरशासमोर पाठ केलं होतं. म्हणालो असतो तर तो तिसऱ्यांदा गेला असता. मी गप्प बसलो.

मग तिने विचारलं, "तुमच्यात जाळतात का पुरतात?"

"पुरतात."

ती चटकन माझ्याकडे वळली. इतका वेळ विझलेल्या डोळ्यांत काहीतरी हललं. "मग हाय तो," ती म्हणाली. "मातीत हाय. मला तिथं न्या."

मी तिला आमच्या कबरस्तानात नेलं. दुसरं काय करणार होतो. नाताळ जवळ आला की लोक कबरी धुतात, चुना देतात, म्हणून थोडी वर्दळ होती. शीलाच्या कबरीवर अजून संगमरवर बसवलेला नाही, मातीचा उंचवटा आणि लाकडी क्रूस आहे. गोदाबाईने चपला लांब काढल्या. मातीजवळ बसली, दोन्ही तळवे त्या उंचवट्यावर ठेवले आणि अंदाज घेत, तापलेल्या लेकराच्या पोटावरून फिरवावा तसा हात फिरवू लागली. मग पिशवीतून चिंचेच्या गोळ्यांची एक पुडी काढली, सोडली आणि मातीवर मांडली.

"घे बाबा," ती म्हणाली. "तुझ्यासाठी आणलंय."

शीला तिच्या हाताखाली होती. गोविंदा कुठेच नव्हता. मी दोन पावलं मागे उभा होतो आणि प्रार्थना करायचा प्रयत्न केला, पण कुणाला आणि काय सांगायचं ते सुचेना. ती मात्र खूप वेळ बोलत राहिली. यंदा कापूस किती झाला, धाकटीचं लग्न ठरतंय, बापाचा खोकला अजून जात नाही. बोलून झाल्यावर पदराने तोंड पुसलं आणि एक गोळी उचलून माझ्या हातावर ठेवली. मी ती खाल्ली.

"तिकडं तर राख बी गोदावरीत सोडली," उठताना ती म्हणाली. "बसून बोलावं अशी जागाच नव्हती हो. आता हाय. दर साली याच दिवसांत येत जाईन मी."

मी तिला कबरस्तानाचं फाटक संध्याकाळी किती वाजता बंद होतं ते सांगितलं.